शनिवारचं इंजेक्शन

दोर तुटला होता. टोक ओलं होतं, चावून चावून पिंजलेलं. कुत्रा नव्हता. आणि माझ्या हातात कागदात गुंडाळलेली नवी साखळी होती.

रविवार होता, सकाळचे साडेदहा झाले असतील. दाराला बाहेरून कडी. सगुणाही घरात नव्हती. सगुणा म्हणजे माझी बायको. सहा दिवसांपूर्वी हाच कुत्रा तिच्या हाताला चावला होता. अजून चार दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर धडधाकट राहायला हवा होता. तो राहिला तर बायकोला धोका नाही हे पक्कं होणार होतं. तो दिसेनासा झाला तर काहीच पक्कं नव्हतं.

चूक माझी होती. ती आधी सांगून टाकतो.

मी उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजूला, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होतो. कागदावर माझा हुद्दा व्रणोपचारक. हा शब्द मला पहिली दोन वर्षं धड बोलता येत नव्हता. लोक ड्रेसर म्हणायचे. जखम धुवायची, पट्टी बांधायची, जनावर धरायचं, साहेब मागतील ती बाटली हातात द्यायची. शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या खेपेला. पण एकोणीस वर्षांत हात शिकले होते.

साल चौऱ्याऐंशी. एका शुक्रवारी चंदर सेठ नावाचे एक सिंधी गृहस्थ हातगाडीवर कुत्रा घालून आले. कॅम्प चारमध्ये त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. वर्कशॉपसमोरच टेम्पोने कुत्र्याला उडवलेलं. पांढऱ्या अंगावर तांबडे डाग, एक कान फाटका, मागचा पाय मोडलेला.

"आपका है?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे आमचे डॉक्टर. वयाने माझ्याहून लहान, जिभेने मोठे.

"नहीं साईं, मेरा कहाँ? दुकान के बाहर बैठता है. मैं तो खाली रोटी डालता हूँ."

"कब से?"

"चार साल."

चार वर्षं रोटी घालायची, पण कुत्रा आपला नाही. असे मालक मी नोकरीत ढिगाने बघितले. पण सेठ प्लास्टर वाळेपर्यंत उभे राहिले, कुत्र्याचं डोकं धरून. मग गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवार आमच्याकडे कुत्र्यांच्या इंजेक्शनचा वार. रेबीजचं इंजेक्शन, म्हणजे कुत्रा पिसाळू नये म्हणून द्यायचं ते. एका बाटलीत बऱ्याच कुत्र्यांचं औषध असायचं. बाटली उघडली की त्याच दिवशी संपवायची, उरलं तर फेकायचं. म्हणून रोज एकेका कुत्र्यासाठी बाटली उघडत नसू, एकच वार धरलेला. या कुत्र्याला नेमका त्या शनिवारी ताप होता. तापात हे इंजेक्शन देत नाहीत. साहेब म्हणाले, "पुढच्या शनिवारी बघू."

आठवडाभर कुत्रा मागच्या शेडमध्ये पडून होता. मी ड्रेसिंग करायचो, तो बघायचा. ओरडायचा नाही. पुढच्या शुक्रवारी कुत्री पकडणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आमच्याकडे चहाला आला. ती गाडी बेवारशी कुत्री उचलायची, आणि तेव्हा उचललेली कुत्री परत येत नसत. त्याने शेडमध्ये डोकावून विचारलं, "हा कधी देताय?"

मी म्हणालो, "हा माझा आहे."

का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. एकोणीस वर्षांत मी दवाखान्यातून एक मांजरही घरी नेलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न झालं होतं. घर मोठं वाटायला लागलं होतं. दोन खोल्यांचं घर, पण मोठं वाटायला लागलं होतं.

साहेबांच्या कानावर गेलंच.

"काय गायकवाड, कुत्रा पाळताय म्हणे?"

"हो साहेब."

"लोकांना काय सांगता ते जरा मला सांगा."

मी पाठ म्हणून दाखवलं. आधी इंजेक्शन, मग घर. जंताचं औषध. पाण्याचं भांडं जड, उलटं होणार नाही असं. बांधायला साखळी, दोर नाही, दोर कुत्रा चावतो. दुखणाईत असेल तर दुखऱ्या जागेला घरच्यांनी हात लावायचा नाही. घरमालकाची परवानगी. आपण गावाला गेलो तर कोण बघणार ते आधी ठरवायचं.

"आणि?"

"आणि काय साहेब?"

"बायकोला विचारलंत?"

"विचारतो."

"इंजेक्शन उद्या आहे. उद्या टोचू, परवा न्या. समजलं?"

"हो साहेब."

आणि मी त्याच संध्याकाळी नेला. सकाळी मी यायच्या आत गाडीवाला उचलून नेईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे दम नव्हता. सायकलच्या कॅरिअरला लाकडी खोकं बांधलं, त्यात गोणपाट, त्यावर कुत्रा. अंबरनाथपर्यंत चालत सायकल ढकलत आलो.

आम्ही शिवमंदिराच्या बाजूला चाळीत राहायचो. चाळ पारूमावशीची. मावशी आगरी, साठीची. चाळीच्या जागेवर आधी तिचं भाताचं शेत होतं. ती दारातच बसलेली.

"ह्यो कनाला आनलास रं?"

"मावशी, पाळायचाय. चालेल का?"

"मना काय? माज्या दारात घान केली तर तू काडशील. त्यो नाय काडनार."

परवानगी झाली. सगुणा बाहेर आली.

"हे काय आणलंत?"

"कुत्रा."

"ते दिसतंय. कोणाचा?"

"आपला."

"आपला म्हणजे? मला कधी विचारलंत?"

मी खोकं उतरवायला लागलो. ती बघत राहिली. कुत्रा तिच्याकडे बघत राहिला. मग ती म्हणाली, "इंजेक्शन दिलंय का? तुम्हीच सांगत असता ना जगाला."

"दिलंय," मी म्हणालो.

उद्या तर द्यायचंच होतं. एका दिवसाचं खोटं. मला ते खोटं वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बदलापूरकडच्या तबेल्यांत लाळ्या-खुरकूत आली. हा म्हशींच्या तोंडाचा आणि खुरांचा रोग, पसरायला लागला की दम घेऊ देत नाही. साहेब आणि मी पहाटेच तिकडे गेलो. त्या शनिवारी दवाखान्यात इंजेक्शनची बाटली उघडलीच नाही. माझं एका दिवसाचं खोटं आठ दिवसांचं झालं.

सोमवारी सकाळी सगुणा त्याच्या खालचं गोणपाट बदलायला गेली. प्लास्टरचा पाय ओढला गेला. त्याने तिचा उजवा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात, चांगले आत. त्याची चूक नव्हती. दुखऱ्या पायाला हात लागला तर माणूसही चावेल.

मी तिचा हात नळाखाली धरला, साबण लावून धुतला, पुन्हा धुतला, हात बधिर होईपर्यंत. पारूमावशी वाटीत लाल तिखट घेऊन धावत आली.

"भर जखमेत!"

"मावशी, ते भाकरीबरोबर खा. जखमेत काही भरायचं नाही."

मी हाताला फडकं बांधत होतो, तेव्हा सगुणा म्हणाली, "बरं झालं इंजेक्शन दिलेलं होतं. नाहीतर पोटात सुया खायला लागल्या असत्या." मी मान हलवली.

इथे थोडं समजावून सांगतो. कुत्रा पिसाळलेला असेल तर चावल्यावर दहा दिवसांच्या आत तो मरतो. दहा दिवस धडधाकट राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता. पण वाट बघत बसायचं नसतं. माणसाच्या अंगात हा रोग एकदा उठला की त्यावर औषध नाही. म्हणून सुया लगेच सुरू करायच्या, कुत्रा बांधून ठेवायचा, त्या दहा दिवसांत त्याला इंजेक्शन द्यायचं नाही, आणि दहाव्या दिवशी कुत्रा ठीक असेल तर डॉक्टर सुया थांबवतात. तेव्हाच्या सुया पोटात घ्यायच्या, बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक, चौदा. मी नोकरीत दोनदा घेतल्या आहेत. हे सगळं मी गिऱ्हाइकांना रोज सांगायचो. बायकोला सांगितलं नाही.

सोमवार गेला. मंगळवारी कामावर मी टिंक्चरची बाटली फोडली, एका बकरीच्या चुकीच्या पायाला पट्टी बांधली. घरी आलो की चपला न काढता आधी कुत्र्याचं तोंड बघायचो. लाळ गळते का, आवाज बदललाय का, पाणी गिळतो का. किती पाणी प्यायला ते कळावं म्हणून भांड्याला आतून कोळशाने खूण करून ठेवायचो.

"माझ्या तोंडाकडे लग्नात एवढं बघितलं नव्हतंत," सगुणा म्हणाली.

मी एक म्हैस पिसाळून मेलेली बघितली होती. पाणी पुढ्यात, तहान लागलेली, आणि गिळता येत नाही. ती म्हैस मंगळवारी सारखी डोळ्यांसमोर यायला लागली. बुधवारी सकाळी मी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, एक गिऱ्हाईक आहे. त्याने कुत्रा इंजेक्शनाशिवाय घरी नेला. तो घरच्या बाईला चावला. बाईला वाटतंय इंजेक्शन झालंय."

"कधी चावला?"

"सोमवारी."

"आणि आज बुधवार. गाढव आहे का तो माणूस? कोण आहे?"

मी टेबलावरच्या बाटल्या सारख्या करायला लागलो. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"गायकवाड, तुम्हाला मी काय सांगितलं होतं?"

"उद्या टोचू, परवा न्या."

"इथे काय उभे आहात मग? घरी जा. आत्ताच्या आत्ता सांगा तिला. आणि उद्या सकाळी पहिल्या नंबरला तिला हॉस्पिटलात उभी करा."

सगुणा तांदूळ निवडत बसली होती, डाव्या हाताने. मी उंबऱ्यातच उभा राहून सांगितलं. बसायची हिंमत झाली नाही. ती निवडत राहिली. तीन-चार खडे काढले, बाजूला ठेवले.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"एकवीस."

"अशी न दिलेली इंजेक्शनं अजून किती आहेत?"

मी म्हणालो, एवढं एकच. ती म्हणाली, "एवढं एकच आहे, हेही तुम्हीच सांगताय ना?"

मग सूप बाजूला ठेवून उठली आणि कुत्र्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याला म्हणाली, "तू चावलास ते दिसलं तरी. ह्यांचं दिसलं नाही."

गुरुवारी पहिली सुई झाली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला इतकं झापलं की लाईनीतले लोक गप्प झाले. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आणि तीन दिवस घालवले? सगुणा मात्र म्हणाली, "डॉक्टर, त्यांना घरी मी झापते. तुम्ही सुई मारा."

चाळीत बातमी पसरली. पारूमावशी काठी घेऊन आली. "हाकल त्या लंगड्याला."

"मावशी, हाकलला तर कळणार कसं? दहा दिवस तो ठीक राहिला तर ही ठीक."

मावशीने काठी टेकली. विचार केला. "म्हंजे ह्याच्या जिवावर हिचा जीव?"

"तसंच समज."

त्या दिवसापासून कुत्र्याचं नशीब फिरलं. मावशी त्याला बोंबलाची डोकी घालायला लागली. तीन नंबरची बाई दूधभात, पाच नंबरवाले पाव, कोणी अंडं. अख्खी चाळ त्याला जगवायला निघाली. शुक्रवारी त्याला जुलाब लागले. पिसाळून नाही तर खाऊन मरायचा, आणि दहा दिवसांच्या आत काहीही होऊन मेला तरी आमच्या हिशेबी तो पिसाळूनच मेला. मी दारावर खडूने लिहिलं, कुत्र्यास काही देऊ नये. मावशीला वाचता येत नव्हतं. तिला तोंडी सांगावं लागलं.

"बोंबिल बी नको?"

"बोंबील तर अजिबात नको."

"मंग जगंल कसा?"

त्याच संध्याकाळी मावशीने दुसरा विषय काढला. कुत्रा चावला की चावलेल्या माणसाने सात विहिरींत डोकावून यायचं, असं त्यांच्याकडे मानतात. "सात हिरी बगायच्या. आपलं त्वांड पान्यात बगायचं, फुडं जायाचं. मागं वलून बगायचं नाय. मी येतंय तिच्याबरुबर."

मी उसळलो. आम्ही बौद्ध. माझ्या वडलांनी घरातले देव छप्पन साली नदीत सोडले. शिवाय विहीर म्हटलं की मला आमच्या मुरबाडकडच्या गावी आई दिसते, विहिरीपासून दहा पावलांवर, रिकामा हंडा घेऊन, कोणी वरून पाणी ओतेल का म्हणून उभी. मी म्हणालो, "ज्या विहिरींनी माझ्या आईला जवळ येऊ दिलं नाही, त्यांच्यात माझी बायको डोकावायला जाणार नाही. सुया चालू आहेत, तेवढं पुरे."

सगुणा काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला हो वाटायचं. एकवीस वर्षं हीच चूक.

आता रविवारवर येतो. सकाळी तिला चौथी सुई देऊन घरी आणलं आणि मी सायकल काढून कॅम्प दोनच्या बाजारात साखळी आणायला गेलो. नऊ दिवस कुत्रा दोरावर होता. जगाला साखळी सांगणारा मी. परत आलो तर तुटका दोर आणि कडी लावलेलं दार.

तीन नंबरच्या बाईला विचारलं.

"सगुणाबाई मावशीबरोबर गेल्या. विहिरींना."

"आणि कुत्रा?"

"अगंबाई, तो नाहीये?"

पिसाळलेल्या कुत्र्याचं एक लक्षण असं, की तो घर सोडतो आणि भटकत सुटतो. वाटेत येईल ते चावतो, लाकूड, लोखंड, दोर. हेही मी लोकांना सांगायचो. तुटक्या दोराकडे बघत मी तेच सगळं पुन्हा एकदा स्वतःला सांगितलं.

बायकोला शोधू की कुत्र्याला? बायको कुठे आहे ते माहीत होतं. मी कुत्र्याच्या मागे निघालो. आधी चाळीच्या मागचं गटार, मग मटणाचं दुकान, मग कचऱ्याचा ढीग. ढिगावर चार कुत्री होती, चारही दुसरीच. मग वाटलं, चार वर्षं ज्या दारात रोटी खाल्ली तिथे गेला असेल. सायकल कॅम्प चारकडे वळवली. मोडक्या पायाचा कुत्रा तासाभरात तेवढं अंतर जाईल का, एवढा साधा विचार डोक्यात आला नाही. साखळी हँडलला अडकवलेली, प्रत्येक खड्ड्यात खणखणायची. बरोबर कुत्रा नाही. लोक बघत होते.

रविवार असूनही चंदर सेठ वर्कशॉपमध्ये होते. 

"सेठ, वो कुत्ता आया क्या? आपका वाला?"

या वेळी ते 'मेरा कहाँ' म्हणाले नाहीत. "नहीं आया साईं. क्या हुआ उसको?"

बाहेर पायरीशी एक शिळी रोटी पडलेली होती, चौघडी करून नीट ठेवलेली. मी तिकडे बघतोय हे त्यांनी बघितलं. म्हणाले, "आदत है. रोज रख देता हूँ."

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तो भाभी को ढूंढो पहले. कुत्ता तो आदमी के पीछे ही जाता है."

एकोणीस वर्षं जनावरांत घालवलेल्या माणसाला हे लेथवाल्याने सांगावं लागलं.

परत आलो तेव्हा डोक्यावर ऊन होतं. शिवमंदिराच्या मागच्या अंगाला, ओढ्याकडे उतरताना एक शेत होतं, त्यात विहीर. लांबूनच मावशीचा आवाज ऐकू आला. ती भांडत होती, पण समोरून उत्तर येत नव्हतं.

सगुणा विहिरीच्या कठड्यावर बसली होती. पायाशी कुत्रा. गळ्यात दोराचा उरलेला तुकडा, आणि त्याचं टोक सगुणाच्या डाव्या हातात.

मला बघून मावशी माझ्यावर आली. "सा हिरी झाल्या व्हत्या, सा! ही सातवी. डोकवायचं नि घरी जायाचं. तर हिनं मागं बगलं! समदं वाया गेलं. तुज्या कुत्र्यापायी!"

"कधी आला हा?" मी सगुणाला विचारलं.

"तिसऱ्या विहिरीपासून मागे होता. प्लास्टर वाजायचं ना. ठक, ठक. मावशी म्हणाली बघू नकोस, मी बघितलं नाही. मला माहीत होतं कोण आहे ते."

"मग?"

"इथे आलो आणि आवाज बंद झाला." तिने बांधाकडे मान वळवली. "चालू होता तोवर बघितलं नाही. बंद झाला, मग बघितलं. पडला होता तिथे, त्या बांधाशी. दमलेला."

मी खाली बसलो. जबडा धरला, डोळे बघितले, जीभ बघितली. जीभ कोरडी होती. लाळ नव्हती.

"पाणी," मी म्हणालो. "पाणी पितो का बघायचंय."

शेताचा मालक, मावशीच्याच भावकीतला एक म्हातारा, बांधावर उभा राहून हे सगळं बघत होता. त्याची बादली आणि रहाट तिथेच होते. मी त्याच्याकडे बघितलं. आईची सवय अंगातून जात नाही. तो म्हणाला, "काड की मर्दा, बगतोस काय?"

मी बादली सोडली. पाणी वर काढलं, दगडातल्या खळग्यात ओतलं. कुत्रा उठला, वाकला आणि प्यायला लागला. लप लप आवाज करत. घशाची घाटी वर-खाली होत होती. गिळत होता. मी ओतत होतो, तो पीत होता.

पाणी पिऊन झाल्यावर मावशी म्हणाली, "आता परत पयल्यापासनं चालायला लागंल."

"राहू दे मावशी," सगुणा म्हणाली. "तो आलाय ना."

मी कुत्र्याला नवी साखळी लावली, पण येताना ती तिच्याच हातात होती. मी सायकल घेऊन मागे. वाटेत मी तिला म्हणालो, मी नको म्हणालो होतो ना विहिरींना?

"तुम्ही काय काय म्हणता," ती म्हणाली. मग चाळीच्या वळणावर, "सहा विहिरींत डोकावले. कोणी 'कोण गं तू' म्हणालं नाही. तुमच्या आईला सांगायला पाहिजे होतं."

आई जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

उरलेले चार दिवस कुत्रा साखळीवर, आणि मी बिनसाखळीचा बांधलेला. सोमवारी त्याने भाकरी अर्धी टाकली, मी रात्रीचा जेवलो नाही. मंगळवारी पूर्ण खाल्ली. सगुणा त्याला हाक मारायची नाही. मी विचारलं, नाव ठेवूया का? ती म्हणाली, "नाव ठेवलं की माया होते. गुरुवार जाऊ दे." मावशी दारातून ओरडली, "दहावं नाय झालं त्याचं, तर बारसं करू!"

गुरुवारी सकाळी मी दार उघडलं. तो उभा होता, तीन पायांवर, शेपूट हलवत. खुणेपेक्षा पाणी चांगलं खाली गेलेलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "तोच कुत्रा ना? नक्की तोच?" मी म्हणालो, "तोच. प्लास्टर मीच घातलंय." त्यांनी सात सुयांवर थांबवलं. सगुणाने पदर सारखा केला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकली. तिथे ती पहिल्यांदा रडली. मला वाटलं सुयांची जागा दुखत असेल.

चावल्यापासूनच्या बाराव्या दिवशी शनिवार होता. त्या शनिवारी नेमकं दुसरं एकही कुत्रं आलं नाही. मी साहेबांना म्हणालो, पुढच्या शनिवारी चालेल. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाटली काढून आणली. एका कुत्र्यासाठी अख्खी बाटली उघडली. "धरा नीट," ते म्हणाले, आणि टोचलं. सगुणा मुद्दाम बघायला आली होती. सुई आत गेलेली, बाहेर आलेली, दोन्ही तिने बघितलं.

संध्याकाळी मावशीने खरंच बारशाचा गूळ वाटला. नाव ठेवलं मोती. मी म्हणालो, हे तर सगळ्यांच्याच कुत्र्याचं असतं. सगुणा म्हणाली, "असू दे. त्याला चारचौघांसारखं राहू दे." रविवारी चंदर सेठ सायकलवरून बघायला आले. बिस्किटाचा पुडा आणला होता. आल्या आल्या म्हणाले, "हमारा कुत्ता कैसा है?"

मोती अकरा वर्षं जगला. पाय जरा वाकडा राहिला, तो माझ्या प्लास्टरचा दोष. दरवर्षी इंजेक्शनच्या शनिवारी सगुणाच त्याला घेऊन यायची. मला ते काम तिने पुन्हा दिलं नाही.

सगुणा गेल्या पावसाळ्यात गेली. किडन्या. शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता काही होण्यासारखं नाही, पण पेशंटला सांगू नका, धीर द्या. मुलगीही तेच म्हणाली. जावईही. मी आत गेलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जसा मी एकदा मोतीच्या तोंडाकडे बघायचो.

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. जे म्हणाले तेच, जसंच्या तसं. मग तिने उजवा हात माझ्या हातावर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी ते दोन व्रण होतेच.

"हे खरं टोचलंत," ती म्हणाली.

आता मुलगी म्हणते, बाबा, एकटे राहता, एखादा कुत्रा आणा. चाळीतले लोकही अजून विचारायला येतात, गायकवाड, कुत्रा पाळायचाय, काय काय करायला लागेल? मी जुनं पाठ म्हणतो. आधी इंजेक्शन, मग घर. साखळी, दोर नाही. भांडं जड. आणि इंजेक्शन दिलं नसेल, तर घरी 'नाही दिलं' असंच सांगायचं. ते हसतात. त्यांना वाटतं म्हातारा गंमत करतोय.

खिळ्याला साखळी अजून लटकते आहे. गंज चढलाय. घासायला काढतो, आणि परत अडकवून ठेवतो.